पडद्याआडची कणीक

त्या वर्षी महाराष्ट्रातली काही शे लुळी माणसं कंपनीच्या दफ्तरी कणीक म्हणून नोंदलेली होती. बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांची तक्रार नव्हती. हात हलू लागणार असेल तर माणूस स्वतःला कणीकच काय, काहीही म्हणवून घेतो.

ही करामत मिरजेच्या श्रेणिक मगदूमची.

कंपनीनं घरकामाचं यंत्र बाजारात आणलं तेव्हा त्याला भारदस्त परदेशी नाव होतं. आपल्याकडं पहिल्या दिवाळीपर्यंत त्याचा 'गडी' झाला, आणि पुढे कंपनीच्या मराठी जाहिरातीही गडीच म्हणू लागल्या. माणसाच्या खांद्याएवढी उंची, चाकांवर चाल, दोन हात. गड्याचं खरं वैभव त्याच्या तळहातात होतं. तिथल्या रबरी कातडीखाली तिळाहून बारीक असे हजारो दाबमापक पेरलेले होते. हातातली वस्तू किती दबते, सोडल्यावर किती परत येते, गरम आहे की गार, हे सगळं ते क्षणाक्षणाला टिपत आणि पुढचा जोर किती लावायचा ते गडी त्यावरून ठरवी. म्हणून तो काचेचा पेला फोडत नसे आणि नारळ मात्र फोडी.

गड्याला नवी कामं शिकवायची मुभा कंपनीनं बाहेरच्या लोकांना दिली होती. अशा शिकवलेल्या कामाला 'कसब' म्हणत. श्रेणिकसारखे हजारो लोक घरी बसून कसबं रचत आणि कंपनीच्या दुकानात मांडत. अटी तीन होत्या. कसबात काडीचाही बदल केला तरी ते कंपनीकडून पुन्हा तपासून घ्यायचं. कसब विकत घेणारं गिऱ्हाईक कंपनीचं, त्याचं नावगाव रचणाऱ्याला कळणार नाही. आणि गड्याच्या गाभ्याला, म्हणजे कंपनीनं स्वतः लिहिलेल्या भागाला, हात लावायचा नाही. तो भाग कंपनी हवा तेव्हा, हवा तसा बदलेल. दुसऱ्याच्या जागेवर माडी बांधायचा हा प्रकार होता, पण जागा मोक्याची होती आणि भाडं नव्हतं, त्यामुळं फार कुणी विचार केला नाही.

त्या गाभ्यातला पहिला नियम असा की, गडी माणसाला स्पर्श करणार नाही. कोर्टकज्जांना भिऊन कंपनीनं तो घातला होता. कामाच्या मध्ये माणसाचा चेहरा आला की गडी हात सोडून मागे होई. एवढ्यावर ते थांबत नसे. जगातले सगळे गडी एकाच जाळ्यात होते. ज्या कसबाखाली एका गड्याला हातात माणूस सापडला, ते कसब त्या क्षणी सगळ्यांकडून कायमचं पुसलं जाई आणि रचणाऱ्याचं खातं बंद होई.

श्रेणिकचं पहिलं कसब साधं होतं, कणीक मळायचं. मगदूमांचं घर जैन. घरात शिळं चालत नाही, जेवणं दिवस मावळायच्या आत. भिजवलेली कणीक रात्रीवर ठेवायची नाही, त्याच दिवशी संपवायची. म्हणून श्रेणिकनं कसबात नियमच घातला की सूर्यास्ताला अर्धा तास उरला आणि हाताखाली कणीक शिल्लक असली तर ती संपवायची. पोळ्या करण्याचं काम तेव्हा गड्याच्या या कसबात नव्हतंच. त्यामुळं तो फक्त 'कणीक उरली आहे' असं बोलून दाखवी आणि घरातली बाई उठून पोळ्या लाटायला घेई. सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या जैन घरांत हे कसब चांगलं चाललं. श्रेणिकनं बँकेतली नोकरी सोडली.

मग अण्णांना झटका आला.

अण्णा म्हणजे श्रेणिकचे वडील, भूपाल मगदूम. मिरजेच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि भांड्यांवर नावं ते स्वतः घालत. सत्तरीत मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि उजवा हात गेला. जीभ थोडी जड झाली, बाकी अण्णा शाबूत होते. डाव्या हातानं जेवायला त्यांनी साफ नकार दिला. ज्या हातानं धुवायचं त्या हातानं घास घ्यायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तेव्हा सून भरवू लागली आणि अण्णा डोळे मिटून जेवू लागले. उजव्या हातानं पुन्हा एकदा स्वतःचा घास स्वतः घ्यायचा, एवढं एकच त्यांना आता आयुष्याकडून हवं होतं.

सून म्हणजे त्रिशला. ती मिरजेच्याच एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, आणि अण्णांना नेमकं काय लागेल ते तिला माहीत होतं. मेंदूचा एक तुकडा मेला तरी शेजारचा तुकडा त्याचं काम शिकू शकतो. पण त्याला शिकवावं लागतं. तोच दंड चोळायचा, तीच बोटं मिटवायची आणि उघडायची, दिवसातून शेकडो वेळा, महिनोन् महिने. माणसाला हे जमत नाही. त्रिशलालाही नोकरी सांभाळून जमेना. यंत्राला कंटाळा नसतो, पण यंत्राला माणसाला शिवायची बंदी होती. दवाखान्यांसाठी कंपनीचा वेगळा गडी होता, तो भारतात विकायला नव्हता.

श्रेणिकनं मग गड्यानं काय काय हाताळायचं याची कंपनीची मान्य यादी काढली. मऊ, कोमट आणि दाबलं तर हळूहळू परत येणारी एकच वस्तू तिच्यात होती.

अण्णांच्या पलंगावर आडवी दांडी टांगून त्यानं पडदा सोडला. पडद्याच्या चिरेतून अण्णांचा हात बाहेर आला, त्यावर मलमल गुंडाळली. गड्याला चेहरा दिसेना, कातडी दिसेना. त्रिशलानं सेन्सरचे मोजे घालून तीन आठवडे अण्णांचा हात चोळला आणि तिच्या बोटांची प्रत्येक हालचाल कसबात उतरली. मुळात सांगाडा कणकेच्या जुन्या कसबाचाच ठेवला. नाडीचे ठोके गड्याच्या तळहाताला लागत, तर श्रेणिकनं त्यांना 'आंबलेल्या पिठातले बुडबुडे' असं नाव दिलं. कंपनीच्या तपासनिसानं शंका घेतली नाही. संध्याकाळी गडी 'कणीक उरली आहे' असं ओरडू लागला तेव्हा अण्णासुद्धा हसले.

श्रेणिकनं गड्याचं ते बोलणं बंद केलं. मागचा नियम मात्र काढला नाही. आवाज बंद करायला नुसतं बटण होतं. नियम काढायचा तर कसब पुन्हा तपासणीला गेलं असतं, आणि या वेळी तपासनीस डोळे उघडे ठेवून बसला असता तर पंचाईत. पण खरं कारण हे की तो नियम काढण्याची वस्तू आहे, असं त्याच्या मनातच आलं नाही. दिवस मावळायच्या आत कणीक संपवायची हे त्याच्या घरात इतक्या पिढ्या चालत आलेलं होतं की तो नियम नसून निसर्गच आहे, असं त्याला वाटे.

चार महिन्यांनी अण्णांची दोन बोटं हलली. त्रिशला रडली. दवाखान्यातल्या एकदोन पेशंटांच्या घरी तिनं हे गुपचूप सांगितलं, त्यांनी पुढं आणखी कुणाला, आणि 'पडद्याआडची कणीक' पार लातूर-नागपूरपर्यंत गेली. कोण कुठले लोक ते घेतात हे श्रेणिकला कळत नसे. महिन्याला आकडा तेवढा कळे आणि तो वाढत होता. आपण खोटं बोललो खरं, पण पुण्याचं काम झालं, असं तो म्हणे. त्रिशलालाही ते पटे.

पौष महिन्यात कंपनीनं गड्याचा गाभा बदलला. मळणं आणि पोळ्या करणं ही दोन कामं आता एक केली होती. कोणत्याही कणकेच्या कसबातला गडी यापुढं गरजेप्रमाणं स्वतःहून गोळे तोडेल, लाटेल, भाजेल. सूचना श्रेणिकनं वाचली होती. चांगली सोय झाली, जैन घरांतल्या बायकांचं काम वाचेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलाच्या पेशंट असलेल्या बुधगावच्या कुसुम पाटणकरांच्या मुलीचा तिला फोन आला. आईच्या हातावर काहीतरी झालंय, येऊन बघा म्हणाली. त्रिशला गेली आणि फोटो घेऊन परत आली. कुसुमताईंच्या दंडापासून मनगटापर्यंत एका ओळीत पाच काळेनिळे गोल होते. सगळे लिंबाएवढे, सगळे सारख्या अंतरावर. पाचव्या ठिकाणी कातडी फाटली होती.

"कुणी मारलं असं म्हणावं तर इतकं मोजूनमापून कोण मारेल?" त्रिशला म्हणाली.

श्रेणिकनं फोटो पाहिला. त्यानं विचारलं, गडी कधी लावला होता? संध्याकाळी, मुलगी कामावरून आल्यावर. म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराला. नियम तसाच होता, उरलेली कणीक संपवा. इतके दिवस गड्याला ती संपवायचा मार्ग नव्हता, कंपनीनं काल तो दिला.

गड्यानं गोळा तोडायला घेतला. कणीक तुटेना. तुटेना म्हटल्यावर त्यानं जोर वाढवला, कारण घट्ट कणकेला जोर लागतो हे त्याला शिकवलेलंच होतं. कुसुमताईंच्या त्या हाताला संवेदना नव्हती, त्या पडद्याच्या अलीकडं टीव्ही पाहत होत्या. मुलगी सहज आत डोकावली, तिचा चेहरा मध्ये आला तसा गडी मागे झाला म्हणून पाचावर थांबलं; हातातली कणीक मात्र त्याच्या लेखी कणीकच राहिली.

श्रेणिकनं दुपारपर्यंत नियम काढून नवं कसब पाठवलं. तपासणीला चार दिवस लागतील, असं उत्तर आलं. दुकानातून कसब मागं घ्यावं तर नव्या गिऱ्हाइकांना मिळणं बंद होई, ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडं ते राहणारच. लोकांना कळवावं तर लोक कोण हेच माहीत नव्हतं. त्रिशलानं ओळखीच्या घरांना फोन केले, दवाखान्याच्या गटांवर निरोप टाकले. तीसेक घरं झाली. बाकीची शेकडो घरं कंपनीच्या मुठीत होती, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मग त्यानं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडं एक गोड आवाजाचं यंत्र होतं. माणसाला इजा झाली आहे का, असं त्यानं विचारलं. श्रेणिक हो म्हणाला.

"आमचा गडी माणसाला स्पर्श करत नाही," आवाज म्हणाला. "त्यामुळे ही इजा आमच्या गड्यानं केलेली नाही. आपल्या रुग्णाला लवकर आराम पडो."

खोटी नोंद केल्याची कबुली द्यायची तर तिचीही पडताळणी होती, आणि तिलाही चारच दिवस होते.

साडेचार वाजता श्रेणिक अण्णांच्या खोलीत येऊन बसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. सगळे गडी एकदम थांबवायचा एक रस्ता त्याला माहीत होता, सकाळपासून माहीत होता. गडी अण्णांच्या हातावर लावायचा आणि पडदा ओढायचा. चेहरा दिसला की झालं. पण मग हे कसब गेलं, पोटापाण्याचं खातं गेलं, ज्यांना गुण येत होता त्या सगळ्यांचं औषध गेलं. आणि अण्णांचा हात गेला.

त्यानं ते तिथंच बोलून दाखवलं. त्रिशला दारात उभी होती. चार दिवस थांबलं तर नवं कसब मंजूर होईल, असं तो म्हणाला. सगळे काही संध्याकाळी गडी लावत नाहीत. लागलं तर थोडं काळंनिळं होईल, ते भरून येतं.

"कुसुमताईंची मुलगी घरात होती," त्रिशला म्हणाली. "लोक गडी लावून भाजी आणायला जातात, श्रेणिक. म्हाताऱ्या माणसाची कातडी तू बघितलीस. आज एखाद्याचं बोट उपटून निघालं तर त्याला ते कळणारसुद्धा नाही."

श्रेणिक अण्णांकडं वळला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वडील जाणते, म्हणतील ओढ पडदा, असं त्याला मनातून वाटत होतं. तसं झालं असतं तर त्याचं ओझं हलकं झालं असतं.

"चार दिस थांब," अण्णा जड जिभेनं म्हणाले.

"अण्णा, दुसऱ्यांचे हात..."

"माझी बोटं हलाय लागल्यात." अण्णांचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. "लेकरागत भरवून घेतोय मी वरीसभर. माझा हात येऊ दे आधी. मग बाकीच्यांचं बघ."

श्रेणिकला वडिलांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची शरम वाटली. अण्णांच्या जागी तो असता तर हेच म्हणाला असता. तो उठला, नेहमीसारखी मलमल गुंडाळली, हात चिरेतून बाहेर काढला आणि गडी लावला. आपलं ऐकलं असं समजून अण्णांनी मान मागं टेकली. गड्यानं त्यांचा दंड दोन्ही हातांत घेतला आणि त्रिशलाच्या पद्धतीनं खांद्यापासून खाली चोळायला सुरुवात केली.

श्रेणिकनं पडद्याला हात घातला.

"ओढू नकोस," अण्णा म्हणाले. "श्रेणिक, नको."

त्यानं पडदा दांडीसकट ओढून काढला.

गड्याचे हात जागच्या जागी थांबले. त्यानं अण्णांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग चेहऱ्यापासून खांद्यापर्यंत आणि खांद्यापासून आपल्या हातातल्या मलमलीपर्यंत. "माणूस," तो म्हणाला. अण्णांचा हात त्यानं हळूच गादीवर ठेवला, भिंतीपर्यंत मागं सरकला आणि त्याच्या कपाळावरचा दिवा विझला. काही मिनिटांनी त्रिशलाला एक निरोप आला. फोन लागला नव्हता अशा तासगावच्या एका घरातून त्यांनी विचारलं होतं, आमचा गडी काम अर्धवट सोडून भिंतीला जाऊन उभा राहिलाय, तुमचाही राहिलाय का? बाहेर अजून ऊन होतं.

खातं त्याच संध्याकाळी बंद झालं. पत्रात कारण एका ओळीत दिलं होतं, 'कणकेच्या जागी माणूस आढळला.' श्रेणिकची बाकीची कसबंही त्याबरोबर गेली आणि कित्येक जैन घरांतल्या बायका पुन्हा परातीशी बसल्या. त्या संध्याकाळी किती हात वाचले हे त्याला कधी कळलं नाही, कळायला मार्गच नव्हता. ज्यांना गुण येत होता त्यांची बोलणी मात्र कळली. कंपनीच्या दुकानात लोक लिहीत होते की हे कसब ज्या नालायकानं बंद पाडलं त्याच्या हाताला झटका येवो. श्रेणिक ती रोज वाची. शेवटी त्रिशलानं त्याचा फोन काढून घेतला.

सांगलीत हळदीच्या गोदामांचा हिशेब ठेवणाऱ्या एका कार्यालयात त्याला नोकरी लागली. गडी कपडे वाळत घालायला बरा पडू लागला.

अण्णा श्रेणिकशी बोलायचे बंद झाले. तो खोलीत आला की तोंड भिंतीकडं. घास फक्त त्रिशलाच्या हातचा. वाचलेले हात त्यांनी पाहिले नव्हते, स्वतःचा गादीवर पडलेला हात तेवढा त्यांना दिसत होता. हलू लागलेली ती दोन बोटंही महिन्याभरात थंडावली.

त्रिशलानं श्रेणिकला चोळायला शिकवलं. गडी तीन आठवड्यांत शिकला होता, श्रेणिकला तीन महिने लागले. गड्याला किती दाबायचं ते कळे. श्रेणिकला वडिलांना लागेल ही भीती होती, त्यामुळं तो नुसतंच कुरवाळी. त्रिशला त्याच्या हातावर हात ठेवून जोर देई, जरा दाब की, मोडत नाहीत अण्णा, असं म्हणे. वडिलांचा हात इतका वेळ त्यानं आयुष्यात कधी धरला नव्हता. त्यावर जुन्या भाजल्याचे डाग होते, मधल्या बोटाला घट्टा होता. कामावर जाण्याआधी एक तास, आल्यावर एक तास. अण्णा भिंतीकडं बघत पडून राहत. तो गोदामातल्या गमती सांगे, पावसाचं सांगे, शेजाऱ्यांचं सांगे. उत्तर येत नसे. अनेकदा त्याला वाटलं की सोडून द्यावं. तसं तो त्रिशलाला म्हणालाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला.

श्रावणातल्या एका सकाळी त्याचं बोलणं जरा वाढलं. चोळता चोळता तो त्या संध्याकाळचा विषय काढून बसला. अण्णा, मला दुसरं काही करता आलं नसतं, असं काहीतरी तो म्हणत होता. अण्णा ऐकत होते. त्यांचा श्वास वाढला, मान भिंतीकडून इकडं वळली. आणि गादीवरून त्यांचा उजवा हात उठला, कोपरातून वाकला आणि त्यानं श्रेणिकचे दोन्ही हात झिडकारून लावले.

दोघंही त्या हाताकडं पाहत राहिले. हात हवेतच होता, थरथरत होता, पण पडला नव्हता.

त्रिशला स्वयंपाकघरातून धावत आली, कारण श्रेणिक हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "परत एकदा ढकला. जरा जोरात."